गोत्र, आडनाव आणि रक्ताचा दाखला

आपल्या घरांतून मुलामुलींच्या लग्नाची बोलणी सुरू झाली म्हणजे शिक्षण, नोकरी व देणेघेणे यांच्याही अगोदर एक प्रश्न निघतो, आणि तो म्हणजे, "गोत्र कोणते?" देगलुरातील दुकानाच्या ओट्यावर बसलेले आजोबा हा प्रश्न विचारतात, आणि पुण्यास वा परदेशी नोकरीस असलेल्या नातवासही त्याचे उत्तर पाठ असते. पणजोबांचे नाव ज्यास सांगता येत नाही, त्यालाही आपले गोत्र सांगता येते. ही गोष्ट आम्हांस नेहमीच नवलाची वाटत आली आहे. मध्यंतरीच्या पिढ्यांची नावे विस्मृतीत गेली. दोन्ही टोके मात्र, म्हणजे आजचे घर व मूळ गोत्र, शाबूत राहिली. या दोन टोकांमध्ये काय झाले असावे, हे शोधण्याचे एक नवे साधन आता मनुष्याच्या हाती आले आहे. त्या साधनाने काय सिद्ध झाले, काय झाले नाही, आणि त्यापासून आपल्या घरांनी कोणता बोध घ्यावयाचा, याचा विचार ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम जुन्या साधनांचा विचार करू. आपल्या घराण्यांचा इतिहास सांगणारी साधने मुख्यतः चार. पहिले साधन जुन्या खातेवह्या व खरेदीखते. दुसरे, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची बाडे. यात्रेस गेलेल्या पूर्वजांनी तेथे आपली नामावळी उतरवून ठेवलेली असली, म्हणजे चारपाच पिढ्यांचा उलगडा एका पानावर होतो. तिसरे साधन आपले आडनाव. आपल्यातील कितीतरी आडनावांच्या शेवटी 'वार' येते. तेलुगूतील 'वारु' या आदरार्थी शब्दाचा हा मराठी मुलखातील अवशेष होय. अमक्या गावचे वा अमक्या घरचे लोक, असा त्याचा भाव. मराठी बोलणाऱ्या माणसाच्या नावाला चिकटलेला हा तेलुगू प्रत्यय म्हणजे आपल्या पूर्वजांच्या स्थलांतराचा जिवंत दाखलाच आहे. चौथे साधन परंपरेने आलेली कथा.

ती कथा आपणांस नव्याने सांगावयास नको. पेनुगोंड्याचे कुसुमश्रेष्ठी, त्यांची कन्या वासवी, तिला मागणी घालणारा राजा विष्णुवर्धन, आणि मानरक्षणासाठी मातेसह अग्निप्रवेश करणारी १०२ गोत्रांची दांपत्ये, हे सर्व माघ शुद्ध द्वितीयेस आपण दरवर्षी स्मरतो. मूळची गोत्रे ७१४. त्यांपैकी १०२ मातेबरोबर गेली व उरलेल्या ६१२ गोत्रांची वाट निराळी झाली, असे परंपरा सांगते. आपल्या देगलुराजवळून वाहणारी लेंडी मांजरेस मिळते, मांजरा कंदकुर्तीपाशी गोदावरीस मिळते, आणि तीच गोदावरी पुढे पेनुगोंड्याच्या मुलखातून समुद्राकडे जाते. पूर्वज पाण्याच्या उलट दिशेने, समुद्राकडून वर आले. कथा त्यांच्याबरोबर आली. परंतु खातेवही जेथे संपते व पुराण जेथे सुरू होते, त्यांच्यामधील शेकडो वर्षांचे अंतर यांपैकी कोणतेच साधन भरून काढीत नाही.

आता नव्या साधनाकडे वळू. मनुष्याच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डी. एन. ए. नावाचा एक अतिसूक्ष्म धागा असतो. त्याची घडण १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी उलगडून दाखविली. या धाग्यावर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो, आणि तो आईबापांकडून मुलांकडे नकलून दिला जातो. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढील पिढ्यांत तशीच उतरते. जुन्या पोथ्यांचे संशोधक ज्याप्रमाणे दोन प्रतींतील समान चुका पाहून त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरविल्या असाव्यात असे ठरवितात, त्याप्रमाणेच शास्त्रज्ञ दोन माणसांतील समान अक्षरभेद पाहून त्यांचा पूर्वज एक होता की काय, आणि किती पिढ्यांपूर्वी होता, याचा अंदाज बांधतात. एका व्यक्तीस दुसरीपासून या मजकुरावरून ओळखण्याची युक्ती इंग्लंडातील लेस्टर येथे अलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली शोधली. आपल्या देशात ती रुजविण्याचे श्रेय हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. लालजी सिंग यांजकडे जाते.

या मजकुराचा एक भाग केवळ बापाकडून मुलाकडे जातो. त्यास वाय गुणसूत्र म्हणतात. गोत्रही याच वाटेने चालते, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. दुसरा एक छोटा भाग केवळ आईकडून येतो व मुलींच्या द्वारे पुढे जातो. उरलेला फार मोठा भाग दोन्हीकडून मिसळून येतो. यांतील फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाचे १०२४ पूर्वज होतात. आपण भिंतीवर लावतो त्या वंशावळीत त्यांपैकी दर पिढीस एकच पुरुष येतो. बाकीचे १०२३ जण, ज्यांत आपल्या सर्व आज्या-पणज्या व त्यांची माहेरे आली, ते त्या चौकटीबाहेर राहतात. वीस पिढ्या मागे गेल्यास ही संख्या दहा लाखांच्या वर जाते. जी ज्ञाती शतकानुशतके आपसांतच सोयरीक करीत आली, तीत इतकी निरनिराळी माणसे असणे शक्य नाही. याचा अर्थ उघड आहे. तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येतात. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

घराण्याचा शोध या साधनाने कसा लागतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडचे आहे. तेथे आपल्याकडील कुळांसारखी 'क्लॅन' नावाची घराणी आहेत. 'मॅक' म्हणजे पुत्र; मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा पुत्र. मॅकडोनाल्ड, मॅकडूगल व मॅकअॅलिस्टर ही तीन कुळे स्वतःस सॉमरलेड नावाच्या वीराचे वंशज म्हणवितात. हा वीर ११६४ साली लढाईत पडला. त्याचे मूळ आयर्लंडच्या प्राचीन राजांत आहे, अशी कुलपरंपरा होती. ऑक्सफर्ड येथील ब्रायन साइक्स यांनी या कुळांतील पुरुषांचे व त्यांच्या प्रमुखांचे वाय गुणसूत्र तपासले. तिन्ही कुळांच्या प्रमुखांत ते एकाच धाटणीचे निघाले, म्हणजे त्यांचा पूर्वज एक ही परंपरा खरी ठरली. परंतु ती धाटणी आयर्लंडची नसून नॉर्वेकडील दर्यावर्दी लोकांची होती. ज्या नॉर्स लोकांना हाकलून लावल्याबद्दल सॉमरलेडचे पोवाडे गाइले गेले, त्यांचेच रक्त त्याच्या अंगी होते! शिवाय ते नाव लावणाऱ्या बहुसंख्य पुरुषांत ही धाटणी आढळली नाही. कुळप्रमुखाच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आश्रयास आलेले, त्याच्या बाजूने लढलेले लोकही त्याचे नाव लावीत असत. म्हणजे कूळ हे काही अंशी रक्ताचे व बऱ्याच अंशी निष्ठेचे होते.

इतक्या दूर कशाला, आपल्या महाराष्ट्रातच याहून जवळचे उदाहरण आहे. कोकणात अलिबागच्या परिसरात बेने इस्रायल नावाचा मराठी भाषिक यहुदी समाज पूर्वापार राहत आला. तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. गावाच्या नावाला 'कर' लावून त्यांनी आडनावे घेतली. नवगावनजीक गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांपासून आपण वाढलो, अशी त्यांची कथा आहे. तिला कागदाचा पुरावा नव्हता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या डी. एन. ए. ची तुलना भारतीय व यहुदी समाजांशी करण्यात आली, तेव्हा दोन्हीकडचा वारसा स्पष्ट दिसला. ही मिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची ठरली. त्यांचे पूर्वज पश्चिमेकडून आले हे खरे ठरले, आणि येथील लेकी त्यांच्या घरांत सुना म्हणून आल्या हेही उघड झाले. सात जोडप्यांच्या कथेत या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख नव्हता. परंपरा खोटे बोलत नाही. ती निवडून बोलते, असे म्हणावेसे वाटते.

आता आपल्या स्वतःच्या ज्ञातीकडे येऊ. हैदराबादचे उपर्युक्त केंद्र १९७७ साली स्थापन झाले. निजामाच्या अमलात १९४८ पर्यंत व त्यानंतर १९५६ पर्यंत जे नगर आपल्या देगलूरची राजधानी होते, तेथेच आपल्या रक्ताचा हा नवा दाखला तयार व्हावा, हा योगायोग मोठा आहे. या केंद्रातील डॉ. कुमारसामी थंगराज व डॉ. लालजी सिंग यांनी अमेरिकेतील हार्वर्डचे डेव्हिड राइक प्रभृतींच्या सहकार्याने भारतातील २५ समाजगटांतील १३२ व्यक्तींचे डी. एन. ए. तपासले, व त्यावरील निबंध २००९ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. त्या २५ गटांत त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील वैश्य, म्हणजे आपलेच गोत्रबंधू, होते. आपले सोयरसंबंध आजही निजामाबाद-हैदराबादकडे चालू असल्यामुळे त्यांजविषयी निघालेला निष्कर्ष आपल्यालाही लागू समजावा, हे वेगळे सांगावयास नको.

तो निष्कर्ष असा. आजचा हा मोठा समाज एके काळी अगदी थोड्या पूर्वजांपासून वाढला आणि ही घटना १०० हून अधिक पिढ्यांपूर्वीची आहे. त्यानंतर बाहेरून या समाजात आलेल्या रक्ताचे प्रमाण दर पिढीस सरासरी तिसांत एकाहूनही कमी राहिले. तसे नसते, तर त्या मूळ घटनेची खूण एव्हाना पुसून गेली असती. एका पिढीस पंचवीस वर्षे धरली, तरी हा काळ अडीच हजार वर्षांच्या पलीकडे जातो.

हे वाचताच आपल्या मनात पेनुगोंड्याची १०२ गोत्रे उभी राहतात. थोडे पूर्वज, व त्यांपासून वाढलेला समाज, हे कथेचे व विज्ञानाचे साम्य चित्तवेधक आहे खरे. परंतु येथे सावधपणे पाऊल टाकावयास हवे. विष्णुवर्धन हे नाव वेंगीच्या पूर्व चालुक्यांत अनेक राजांनी धारण केले. त्या घराण्याची सत्ता इसवी सनाच्या सातव्या शतकात सुरू झाली. शंभर पिढ्यांचा हिशेब त्याच्याही फार पूर्वी जातो. म्हणजे कथेतील राजा वेंगीचा मानला, तर त्याच्या काळी आपला समाज अगोदरच आपसांत सोयरीक करणारा एक जुना समाज होता, असे म्हणावे लागते. डी. एन. ए. ने मातेची कथा सिद्ध केली असे सांगणारा मनुष्य विज्ञानावर अन्याय करतो; तिने ती खोटी ठरविली असे म्हणणाराही तितकाच चुकतो. श्रद्धेचा साक्षीदार प्रयोगशाळेत शोधू नये. प्रयोगशाळेने एवढेच सांगितले की, "आपल्याच गोतात मुलगी द्यावी व आपल्याच गोतातली करावी" हा नियम आपल्या पूर्वजांनी नुसता तोंडाने सांगितला नाही, तर शंभर पिढ्या पाळला.

यावरून आपले रक्त शुद्ध आहे, असा अभिमान कोणी बाळगू लागेल, तर त्यास त्याच निबंधाचे पहिले पान दाखवावे. भारतातील बहुतेक सर्व समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत, आणि आपणही त्यास अपवाद नाही, हे त्यात दाखविले आहे. प्रिया मूरजानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ७३ गट तपासून हे मिश्रण आजपासून ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडत होते असे दाखविले. म्हणजे आधी सर्वांनी एकमेकांत सोयरिकी केल्या, आणि मग एकेकाने दारे लावून घेतली. जातीचे खरे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात प्रतिपादिले होते. जे त्यांनी समाजशास्त्राच्या आधाराने सांगितले, त्याची मोजदाद पुढे शतकभराने रक्तात झाली.

आणि या बंद दारांची किंमत काय? लेखाचा खरा विषय येथून सुरू होतो. वाचकांनी थोडे अधिक अवधान द्यावे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच आप्तांपैकी एका तरुण सुनेवर शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया साधी होती व ती यथासांग पार पडली. भूल उतरावयाची वेळ झाली, तरी तिचा श्वास चालू होईना, हातपाय हलेनात. बाहेर बसलेल्या मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लावून तिला कित्येक तास ठेवावे लागले, आणि ईश्वरकृपेने ती सुखरूप शुद्धीवर आली. रुग्णालयाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष डॉक्टरांचा नव्हता, औषधाचा नव्हता, आणि त्या मुलीचा तर नव्हताच. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नंतर विचारलेला प्रश्न मात्र आमच्या कानात अजून घुमतो: "आपण वैश्य समाजाचे काय? मग हे अगोदर का सांगितले नाही?" सांगणार कसे? आम्हांस ठाऊकच नव्हते.

झाले होते ते असे. शस्त्रक्रियेच्या आरंभी श्वासनलिकेत नळी घालता यावी म्हणून स्नायू सैल करणारे एक औषध देतात. त्याचे नाव सक्सिनिलकोलिन. रुग्णालयांतून त्यास स्कोलिन म्हणतात. सामान्य मनुष्याच्या रक्तात ब्यूटिरिलकोलिनएस्टरेज नावाचे एक द्रव्य असते, ते या औषधाचे पाचदहा मिनिटांत विघटन करते व स्नायू पुन्हा कामास लागतात. काहींच्या रक्तात हे द्रव्य जन्मतःच नसते, किंवा असून नसल्यासारखे असते. अशा मनुष्यास एरवी कोणताही त्रास होत नाही; तो जन्मभर निरोगी राहतो. परंतु ते औषध पोटात नव्हे, शिरेत गेले, की मिनिटांचे तास होतात. यंत्र जवळ नसले, तर काय होईल हे लिहावयास नको.

हा दोष जगात सर्वत्र विरळा आहे. आपल्या वैश्य समाजात मात्र तो इतरांच्या सुमारे शंभरपट आढळतो. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००६ साली त्याचे मूळही शोधून काढले. त्या द्रव्याच्या घडणीत ३०७ व्या जागी ल्यूसीन नावाचा घटक असावयाचा, तेथे प्रोलीन आला आहे. तीन अब्ज अक्षरांच्या पोथीत एका अक्षराची चूक. शंभर पिढ्यांपूर्वीच्या त्या थोड्या पूर्वजांपैकी कोणा एकाच्या अंगी ती असावी, आणि बंद दारांच्या आत ती नकलत नकलत आपल्यापर्यंत आली असावी, अशी याची उपपत्ती आहे. जो दाखला आपल्या प्राचीनतेची साक्ष देतो, तोच ही सूचनाही देतो. एक घ्यावयाचे व दुसरे टाकावयाचे, असे करता येत नाही.

ही चूक एकट्या आईकडून वा एकट्या बापाकडून आली, तर सहसा बाधत नाही. दोघांकडूनही आली, तरच पुरता परिणाम होतो. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास तो धोका चारांत एक इतका असतो. आता आपल्यातील मेनरिकाच्या चालीचा विचार करा. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही चाल आपण किती निष्ठेने पाळीत आलो! इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात, दक्षिणेत अशी लग्ने इष्ट मानली जातात, उत्तरेत निषिद्ध, व महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे, असे दाखवून दिले. आपले देगलूर तर त्या सीमेच्याही सीमेवर. आते-मामे भावंडांच्या अपत्यात एखादे अक्षर दोन्हीकडून त्याच एका पूर्वजाकडून येण्याचा संभव सोळांत एक असतो. पण केवळ मेनरिक टाळून भागत नाही. गोत्रे निराळी, गावे निराळी, नाते काढू गेले तर सापडत नाही, अशा दोन घरांतही शंभर पिढ्यांपूर्वीचे पूर्वज तेच असतात. गोत्र बापाची एक रेघ तेवढी पाहते. उरलेल्या १०२३ पूर्वजांविषयी ते काही बोलत नाही.

हे आपल्याच वाट्यास आले आहे असेही नव्हे. २०१७ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात भारत व शेजारील देशांतील २६० हून अधिक गट पाहिले गेले. त्यांतील ८१ गटांत थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण युरोपातील अश्केनाझी यहुदी व फिनलंडचे लोक यांच्याहूनही ठळक निघाली, आणि त्यांपैकी १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. तेव्हा आपण आज जे करू, ते उद्या इतर ज्ञातींसही उपयोगी पडेल.

काय करावे, यासाठी त्या अश्केनाझी यहुद्यांचाच धडा घेण्यासारखा आहे. त्यांच्यात टे-सॅक्स नावाचा बालकांचा प्राणघातक रोग होता. न्यूयॉर्कचे धर्मगुरू जोसेफ एक्स्टाइन यांची चार अपत्ये त्याने नेली. त्यांनी रडत न बसता १९८३ साली 'दोर येशोरिम' ही संस्था काढली. तरुण-तरुणींची तपासणी होते, प्रत्येकास एक क्रमांक मिळतो, आणि लग्न ठरविण्यापूर्वी दोन क्रमांक कळविले की ही जोडी योग्य की नाही, एवढेच उत्तर येते. कोण वाहक आहे, हे कोणास सांगितले जात नाही. म्हणून कोणाच्या लेकीस बोल लागत नाही. या व्यवस्थेमुळे तो रोग त्या समाजातून जवळजवळ नाहीसा झाला. लोकांनी लग्ने ठरविण्याची आपली रीत सोडली नाही. तीत एक प्रश्न वाढविला.

आपल्यापुरते बोलावयाचे तर कोलिनएस्टरेजच्या उणिवेवरून कोणाचे लग्न मोडण्याचे मुळीच कारण नाही. ती व्याधी नव्हे. केवळ डॉक्टरांस अगोदर सांगावयाची गोष्ट आहे. स्कोलिनऐवजी दुसरी औषधे योजता येतात. त्याच वर्गातील मायव्हाक्युरियम मात्र अशा रुग्णास तितकेच वर्ज्य. यास्तव आम्ही ज्ञातिबांधवांस तीन गोष्टी सुचवितो. पहिली: घरातील कोणावरही शस्त्रक्रिया ठरली, की भूल देणाऱ्या डॉक्टरांस आपण वैश्य समाजाचे आहोत व आपल्यात ही उणीव आढळते, हे न विचारता सांगावे. दुसरी: कोलिनएस्टरेजची पातळी पाहणारी साधी रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. गर्भारपणात, यकृताच्या विकारात व शेतीवरील काही कीटकनाशकांच्या संसर्गानेही ही पातळी उतरते, तेव्हा तिचा अर्थ स्वतःच लावू नये. तिसरी: एखाद्यात ही उणीव निघाली, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करावी, आणि ज्याच्यात ती आहे त्याने तसा उल्लेख असलेली चिठ्ठी सदैव जवळ बाळगावी.

घराण्याच्या शोधाची हौस असणाऱ्यांसही दोन शब्द. थुंकीच्या नमुन्यावरून वंश सांगणाऱ्या तपासण्या आता घरबसल्या करता येतात. ज्यास करावयाची त्याने करावी. परंतु तिचा निकाल एकट्याचा नसतो, तो भावांचा, मुलांचा व चुलत्यांचाही असतो, हे ध्यानात ठेवावे. वाय गुणसूत्राची रेघ दत्तकाने तुटते. आपल्या कितीतरी पेढ्या दत्तकपुत्रांनी सांभाळल्या, वाढविल्या. त्यांच्या हातून झालेले पिंडदान कोणत्या पूर्वजाने नाकारले? प्रयोगशाळेचा निकाल दत्तक आजोबांना परके ठरवू लागला, तर निकाल खरा मानावा आणि आजोबांनाही खरेच मानावे. स्कॉटलंडच्या कुळांत नाव लावणारे सगळेच सॉमरलेडचे नव्हते, तरी कूळ त्यांचेच होते. रक्ताची वंशावळ निराळी, घराची निराळी; दोन्ही नोंदविण्याजोग्या आहेत.

पुढील वैशाख शुद्ध दशमीस मातेच्या जयंतीला आपण सारे जमू, तेव्हा प्रत्येक घराने आपली एक वही सुरू करून आणावी, अशी आमची विनंती आहे. तीत पूर्वजांची नावे, गोत्र व मूळ गाव लिहावेच. पण सुनांची माहेरे व त्यांची गोत्रेही लिहावीत, म्हणजे चौकटीबाहेर राहिलेल्या आज्या-पणज्या आत येतील. आणि शेवटी एक रकाना ठेवावा: कोणास भुलीच्या वेळी त्रास झाला होता काय, कोणते मूल लहानपणी गेले, कशाने गेले. ही वही घरातच राहावी. ती सभेच्या फळ्यावर लावावयाची नाही. आमच्या त्या आप्त सुनेच्या पणजीच्या पिढीत असा रकाना कोणी ठेवला असता, तर त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून आम्हांस ते तास मोजावे लागले नसते.

आजोबांनी ओट्यावरून "गोत्र कोणते?" हा प्रश्न अवश्य विचारावा. नातवाने त्याचे उत्तर द्यावे, आणि त्यापुढे आपल्या रक्तात काय आहे, तेही सांगता यावे, एवढी तयारी या पिढीने करावी.